जाळीत तंतू नाहीत

२ एप्रिल, बुधवार

ही वही कपडे धुण्याच्या मशीनची आहे. मशीन घेतलं त्या दिवसापासून मी तिच्यात नोंदी करतो. जाळी केव्हा साफ केली, क्षार केव्हा काढले, कोणता भाग बदलला. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला नोंद केल्याशिवाय नळसुद्धा बंद करता येत नाही, असं रोस्विता म्हणायची.

रोस्विता माझी बायको. १४ मार्चला सकाळी पावाच्या दुकानात रांगेत उभी असताना गेली. मेंदूत रक्तस्राव. तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईला वाटलं, पिशवी उचलायला वाकली.

आमची मुलगी फेरेना काल कासेलला, तिच्या घरी परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण काहीतरी लिहीत जा." माझ्याकडे वही ही एकच आहे.

आधीची शेवटची नोंद अशी आहे: "२७ डिसेंबर. पाणी उपसणारा पंप अडकला होता. जुना काढून नवा बसवला, स्वतः. चाचणी: निळ्या काठाच्या दोन चादरी, साठ अंश. गळती नाही. आवाज नाही. उत्तम."

आज: दाराचं रबर पुसलं. साबणाचा खण काढून धुतला. जाळी पाहिली. ठीक.

११ एप्रिल, शुक्रवार

क्षार काढले. रिकामं मशीन, लिंबूसत्त्व, थंड पाणी. गरम पाण्यात लिंबूसत्त्व टाकलं की जुना थर निघून नवाच बसतो, लोक हे विसरतात. आमच्या भागातलं पाणी इतकं जड आहे की किटलीत आठवड्यात दगड तयार होतो.

माझे कपडे बसने वुर्ट्सबुर्ग शहरात नेले, स्टेशनजवळ नाणी टाकून धुवायचं दुकान आहे तिथे. मशीनवर सध्या ताण नको.

तळघरात धुण्याच्या खोलीत दोनच मशीन आहेत, आमचं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या राप्पबाईंचं. राप्पबाई त्र्याऐंशीच्या आहेत, एकट्या राहतात. पूर्वी जिन्यात भेटल्या की पंधरा मिनिटं जायची. आज मी उतरत होतो, त्या चढत होत्या. भिंतीला चिकटून त्यांनी मला वाट दिली आणि बुटांकडे बघत राहिल्या. मी तसाच खाली उतरलो.

२९ एप्रिल, मंगळवार

माझ्या मशीनवर आलुबुखारच्या जॅमची बरणी होती. झाकणाला लाल चौकटीचं फडकं बांधलेलं, म्हणजे राप्पबाईंची. सामान ठेवायला त्यांना जागा कमी पडत असावी. बरणी त्यांच्या मशीनवर ठेवली.

६ मे, मंगळवार

बरणी पुन्हा माझ्या मशीनवर. पुन्हा त्यांच्या मशीनवर ठेवली. वयोमानाने विसरत असतील.

क्षार काढले. जाळी ठीक.

१६ मे, शुक्रवार

नोंद पूर्ण असावी म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो.

नाताळपासून सहा जानेवारीपर्यंतच्या बारा दिवसांत धुणं वाळत घालायचं नाही, असं आमच्याकडे म्हणतात. जुनं वर्ष संपलेलं नसतं, नवं लागलेलं नसतं. त्या फटीतून मेलेल्यांची स्वारी वाऱ्यावरून जाते आणि दोरीत अडकते. पांढरी चादर दिसली तर घेऊन जाते. त्या वर्षात घरातल्या कोणाचं तरी कफन म्हणून ती वापरली जाते. माझी आजी म्हणायची, सगळ्यांच्याच आज्या म्हणायच्या. रोस्विता ते मानत नव्हती, पण पाळत होती. "बारा दिवस मशीनला सुट्टी," म्हणायची. "मलाही."

२७ डिसेंबरला ती म्हणाली होती, "पंप बसवलास ना? झालं. धुऊन बघायचं ते सात जानेवारीला बघ."

मी म्हणालो, "चाचणी म्हणजे धुणं नव्हे."

चादरी धुतल्या आणि शेजारच्या वाळवणाच्या खोलीत दोरीवर टाकल्या. राप्पबाई कोळशाच्या जुन्या कप्प्यातून बटाटे घ्यायला आल्या होत्या. दारात थबकल्या. म्हणाल्या, "अरे देवा. लिंडनर, ह्या चादरी कोणासाठी वाळत घातल्यात?"

मी हसलो होतो.

मी पाण्याचा माणूस आहे. पाण्यात काय विरघळतं आणि काय नाही, ते मोजून सांगणं हा माझा धंदा होता. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मेंदूतली रक्तवाहिनी जन्मापासून कमकुवत होती, असं डॉक्टर म्हणाले. चादरींचा तिच्याशी संबंध नाही. हे मी लिहून ठेवतो आहे, खाली सही करतो आहे.

ऑ. लिंडनर

२२ जून, रविवार

फेरेना दोन दिवस राहून गेली. भाजीच्या शतावरीचा हंगाम संपत आला आहे, शेवटची जुडी तिने आणली. चव लागली नाही. तिला चांगली झाली आहे म्हणालो.

काल तिने माझी धुण्याची पिशवी पाहिली, बसचं तिकीट वर खोचलेलं.

"बाबा, मशीन बिघडलंय का?"

"नाही. उत्तम आहे."

"मग कपडे घेऊन वुर्ट्सबुर्गला कशाला जातोस?"

"देखभाल चालू आहे."

"तीन महिने?"

मी तिला वही दाखवली. तारखा, लिंबूसत्त्वाचे ग्रॅम, सगळं. सोळा मेचं पान मी दोन पानं एकदम उलटून टाळलं. ती बराच वेळ वाचत होती. मग माझ्या खोलीत गेली आणि दारातच थांबली.

"ह्या निळ्या काठाच्या चादरी. बाबा, ह्या आई होती तेव्हाच्या आहेत?"

"चांगल्या आहेत अजून."

"चांगल्या आहेत हे दिसतंय. बदलल्या कधी?"

मी म्हणालो की बघतो. तिने पुढे विचारलं नाही, पण जेवताना म्हणाली, "कासेलला माझ्या इमारतीत तळमजला रिकामा होतोय. ते मशीन देऊन टाक कोणाला तरी. आणि तूही चल."

मी म्हणालो, मशीन असं देऊन टाकता येत नाही, त्याची नीट नोंद आहे.

२३ जुलै, बुधवार

क्षार काढले. आता दर आठवड्याला काढतो. जाळी काढली, धुतली, बसवली. दाराचं रबर पुसलं. मशीनचे पाय पातळीयंत्र लावून पाहिले, बुडबुडा बरोबर मध्ये. दार नेहमीप्रमाणे चार बोटं उघडं ठेवलं, आत कुबट वास धरू नये म्हणून. नळ बंद केला.

बाहेर ऊन आहे. राप्पबाईंचे कपडे अंगणात होते. मला बघून त्या चिमट्यांची टोपली तिथेच टाकून आत गेल्या.

त्यांना जे वाटतं ते वाटू दे. त्यांनी त्या चादरी दोरीवर पाहिल्या आहेत, मी काय सांगणार?

२५ सप्टेंबर, गुरुवार

माझ्या मशीनवर कांद्याचा खारा केक, ताटलीवर फडकं झाकलेलं. गरम होता. नव्या द्राक्षांची वाइन आली की राप्पबाई तो करतात. बहुतेक निवायला ठेवला असावा. त्यांच्या मशीनवर सरकवला. मांजर येतं म्हणून वर पातेलं उपडं घातलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

क्षार काढताना गळती. पुढच्या बाजूला, दाराखाली, जमिनीवर तळहाताएवढं पाणी. मी पुसलं, पुन्हा आलं. दाराचं रबर पाहिलं. खालच्या घडीत चिरा आहेत, सात. मशीन दहा वर्षांचं आहे, रबर अजून चालायला हवं होतं. मी काहीच चुकवलेलं नाही, एकही आठवडा नाही.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्यानंतर तळघरात उलट्या बादलीवर बसलो होतो. किती वेळ ते लिहायला हवं होतं, पण घड्याळ पाहिलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुरुस्तीवाला एर्कान आला. पन्नाशीचा, गुडघ्यांना चामड्याच्या टोप्या बांधलेला. बोलतो अस्सल आमच्या माइन नदीकाठचं, आणि न थांबता. आधी मशीनच्या पोटावर थाप मारली, मग दार उघडून आत हात फिरवला. मग खालची जाळी काढली, उजेडात धरली, आणि तसाच बसून राहिला.

"अहो, हे मशीन कोण वापरतं?"

"मी."

"त्यात काय धुता?"

मी म्हणालो, "का?"

"जाळीत तंतू नाहीत. कपड्यांचा एकही धागा नाही. तीस वर्षं हे काम करतोय. जाळीत मला नाणी मिळालीत, बटणं मिळालीत, एकदा दात मिळाला. पण तंतू नाहीत अशी जाळी फक्त दुकानात बघितली." मग त्याने खण हुंगला. "लिंबूसत्त्व किती वेळा?"

मी त्याला वही दिली. त्याने बोट ठेवत तारखा मोजल्या आणि हळूच शीळ घातली.

"दर आठवड्याला! साहेब, क्षार असले तर आम्ल क्षार खातं. क्षार नसले तर काय खाणार? रबर खाल्लंय. उपाशीपोटी औषध देत होता तुम्ही त्याला."

हे मला माहीत असायला हवं होतं. खात्यात नव्या मुलांना मीच शिकवत असे की स्वच्छ नळीत आम्ल सोडू नका.

एर्कानने रबर बदललं. तारेचं कडं बसवताना त्याच्या कपाळावर घाम आला. उठताना म्हणाला, "आता एक करा. ह्यात कपडे घाला. मळके, खूप मळके. मशीन कपड्यांनी टिकतं, बघत बसल्याने नाही टिकत."

वाळवणाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. राप्पबाई आत दोरीपाशी उभ्या होत्या. एर्कान गेल्यावर त्या बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि वर निघून गेल्या.

जाळीत तंतू नाहीत हे त्यांनी ऐकलं असणार.

२४ डिसेंबर, बुधवार

फेरेनाला सांगितलं की कासेलला येत नाही, नवीन रबर आहे, लक्ष ठेवायला हवं. ती म्हणाली, "बाबा, रबर पळून जाणार आहे का?"

बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज, उभ्यानेच. एर्कान गेल्यापासून लिंबूसत्त्व घातलेलं नाही. मशीनमध्ये कपडेही टाकलेले नाहीत.

२७ डिसेंबर, शनिवार

आज सविस्तर लिहितो, क्रमाने.

दहा वाजता जाळी बघायला खाली गेलो. राप्पबाईंचं मशीन चालू होतं. मला वाटलं चुकून सुरू झालं असेल. राप्पबाई बाजूला स्टुलावर बसल्या होत्या, अंगात जाड कोट, डोक्याला रुमाल.

मी म्हणालो, "राप्पबाई, आज सत्तावीस तारीख आहे."

"माहीत आहे. कॅलेंडर माझ्याकडेही आहे."

"बारा दिवस चालू आहेत."

"तेही माहीत आहे. तुमच्या जन्माआधीपासून माहीत आहे."

मशीन थांबलं. त्यांनी दार उघडलं. आत पांढऱ्या चादरी, चार. त्यांनी त्या टोपलीत ओढल्या आणि टोपली माझ्याकडे सरकवली. "उचला. मला झेपत नाही. वाळवणाच्या खोलीत नाही, अंगणात. सगळ्या गल्लीला दिसू दे."

मी टोपली उचलली नाही. म्हणालो, "अहो, असं करू नका."

"का?"

"नका करू."

"पण तुम्ही तर मानत नाही, लिंडनर."

"नाही मानत."

"मग दोरी धरा."

राप्पबाईंनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला, पण नाक न पुसता तो नुसताच हातात धरून ठेवला.

"गेल्या वर्षी मी त्या दारात उभी राहून जे बोलले, ते बोलायला नको होतं. जिभेला हाड नाही माझ्या. आणि अडीच महिन्यांत रोस्विता गेली. तेव्हापासून मी विचार करतेय, चादरी तर बिचाऱ्या कापसाच्या. काळी होती ती माझी जीभ. मी बोलले म्हणून गेली."

मी म्हणालो, "तुम्ही बोललात म्हणून कसं? वाळत मी घातल्या होत्या."

हे मी मोठ्याने म्हणालो. वहीत कुठेही लिहिलेलं नाही ते वाक्य.

राप्पबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे इतके महिने तुम्ही... आणि मला वाटत होतं, मला बघून तुम्ही तोंड फिरवताय. दोनदा जॅम ठेवला, दोनदा परत केलात! एवढा राग, म्हटलं, ह्या माणसाला."

"मला वाटलं, तुम्हाला जागा कमी पडतेय."

"जागा!" राप्पबाई म्हणाल्या. "त्या केकवर पातेलं कोणी उपडं घातलं?"

"मी. मांजर येतं म्हणून."

त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. मला हसू आलं नाही, पण पाणी आणून दिलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "आता ऐका. ह्या घरातलं एक माणूस जाणार असेल तर रांगेत माझा नंबर पहिला आहे. चौऱ्याऐंशी पूर्ण झाली मला ऑक्टोबरात. मी गेले तर कोणी चादरीचं नाव घेणार नाही, वयाचं घेतील. आणि नाही गेले तर पुढच्या नाताळपर्यंत रोज सकाळी तुम्हाला माझं तोंड बघावं लागेल आणि कबूल करावं लागेल की सगळं झूट होतं. दोन्हीत तुमचा फायदा आहे. टोपली उचला."

मी टोपली उचलली.

अंगणात उणे चार होतं. दोरीला बर्फ धरला होता, तो हातमोज्याने पुसला. चादर टाकेपर्यंत ती कडांना कडक व्हायला लागली. मी एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. समोरच्या घरातली बेकरबाई खिडकीत आली आणि तिने छातीवर क्रूस काढला. राप्पबाईंनी तिला हात केला. "ये, तुझ्याही आण!"

चारही चादरी लावल्या. वारा नव्हता. थोड्या वेळाने त्या पत्र्यासारख्या ताठ झाल्या.

मशीन: बंद. जाळी बघायची राहिली.

२८ डिसेंबर, रविवार

राप्पबाई जिवंत. सकाळी सातला वरून खुर्ची ओढल्याचा आवाज.

२९ डिसेंबर, सोमवार

जिवंत. जिन्यात भेटल्या. "आहे अजून," म्हणाल्या.

३० डिसेंबर, मंगळवार

आठपर्यंत आवाज नाही. सव्वाआठला वर जाऊन दार वाजवलं. त्या नाइटगाऊनवर होत्या. "लिंडनर, म्हाताऱ्या माणसाला झोपू द्याल की नाही?" त्यांनी जॅमची बरणी दिली. घेतली.

१ जानेवारी, गुरुवार

जिवंत. फेरेनाचा फोन. तिला सांगितलं की राप्पबाई ठीक आहेत. ती म्हणाली, "छान, पण त्यांना काय झालं होतं?" मग मी तिला सांगितलं. चाचणीचं, चादरींचं, सगळं. ती रडली. मी वाट पाहिली. कासेलच्या तळमजल्याचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही.

जॅम चांगला आहे. दालचिनी घातली आहे, थोडी जास्त.

३ जानेवारी, शनिवार

जिवंत. नळ नीट बंद केला नाही म्हणून माझ्यावर ओरडल्या. खरोखर थेंब पडत होता. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

५ जानेवारी, सोमवार

बारा दिवस उद्या संपतात. परवापर्यंत थांबता आलं असतं.

नऊ वाजता पलंगावरच्या चादरी काढल्या. तिच्या बाजूची उशी आधी हलवावी लागली. चादरी खाली नेल्या. मशीनचं दार पूर्ण उघडलं, दोन्ही आत घातल्या, दार लावलं. साबण, मध्यम माप. साठ अंश. बटण दाबलं.

बादलीवर बसून राहिलो. पाणी आलं. चादरी भिजून गडद झाल्या, मग फिरायला लागल्या. निळा काठ काचेपाशी यायचा आणि जायचा. दोन तास नऊ मिनिटं.

नोंद:

निळ्या काठाच्या दोन चादरी, साठ अंश. गळती नाही. पंप ठीक. जाळी काढली. तंतू आहेत. चिमूटभर, फिकट निळसर. जाळी धुतली, बसवली. दार चार बोटं उघडं. नळ बंद, दोनदा पाहिला.

वाळत: अंगणात, बाहेरच्या दोरीवर.

राप्पबाई: जिवंत. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ओरडत आहेत की एका चादरीला दोन चिमटे पुरत नाहीत, चार लावा.